खान्देशातील घराण्याचा इतिहास शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपले पणजोबा कोण होते, ते कोणत्या गावाहून आले आणि का आले, हे जाणून घेण्याची इच्छा खान्देशातील पुष्कळ घरांत आता बोलून दाखवली जाते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील कुटुंबांना या कामात ज्या अडचणी सतत येतात, त्यांच्याविषयीचे प्रश्न येथे घेतले आहेत. आमच्या घराण्याचा शोध घेताना जे हाती लागले आणि जे वेळेवर न विचारल्याने कायमचे हातचे गेले, त्या दोन्हींच्या आधारे ही उत्तरे लिहिली आहेत.

सुरुवात कोठून करावी? तहसील कार्यालयातून की घरातून?

घरातून, आणि घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीपासून. दप्तरातील नोंद आणखी वर्षभराने गेलात तरी बहुधा तेथेच असेल, पण पंच्याऐंशी वर्षांची आत्या पुढच्या वर्षी भेटेलच असे कोणी सांगू शकत नाही. आम्ही हा क्रम उलटा लावला. दोन वर्षे उताऱ्यांच्या मागे फिरलो, आणि ज्या चुलत आजोबांना पाच पिढ्या तोंडपाठ होत्या ते त्या दोन वर्षांत गेले. त्यांना ठाऊक असलेले दोन पूर्वज आम्हाला आजतागायत कोणत्याही कागदात सापडलेले नाहीत.

खान्देशात या कामासाठी आखाजीइतका, म्हणजे अक्षय्य तृतीयेइतका, योग्य दिवस नाही. त्या दिवशी घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवतात आणि निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांसाठीचा नैवेद्य, टाकताना गेलेल्या माणसांची नावे घेतात. नावे घेण्याचा हा क्रम म्हणजे घराण्याची तोंडी वंशावळच होय, म्हणून तो ऐकून ताबडतोब लिहून ठेवावा. शिवाय त्याच दिवसांत सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेल्या मुलीला माहेरचे जुने घर जसे आठवते, तसे त्याच घरात राहिलेल्या भावाला आठवत नाही. भावाच्या डोळ्यांदेखत घर हळूहळू बदलत गेले, पण मुलीच्या मनात ते लग्नाच्या दिवशी होते तसेच राहिलेले असते.

आजी-आजोबा "काही आठवत नाही" असे म्हणतात. त्यांना काय विचारावे?

"तुमच्या आजोबांविषयी सांगा" असा मोठा प्रश्न विचारला की माणूस गप्प होतो. त्याऐवजी वस्तूविषयी विचारावे. मळ्यातील विहीर कोणी खोदली, पाणी किती हातांवर लागले, पहिली बैलजोडी कोणत्या बाजारातून आणली, माळवदाचे घर केव्हा बांधले आणि त्याचे लाकूड कोठून आले, असे विचारले की वस्तूमागची माणसे आपोआप बोलण्यात येतात. आमच्या मोठ्या आत्याला घराण्याविषयी काहीच सांगता येत नव्हते, पण "मोट कोण हाकायचं?" एवढे विचारल्यावर तिने तासभर तीन भावांचे स्वभाव, त्यांच्यातील वाटणी आणि त्या वाटणीनंतर मधल्या भावाने गाव का सोडले, हे सगळे सांगितले.

घरात अहिराणी किंवा लेवा बोली बोलली जात असेल तर प्रश्न त्याच बोलीत विचारावेत. प्रमाण मराठीत विचारले की वृद्ध माणसे सावध होतात आणि परीक्षेला बसल्यासारखी मोजकी उत्तरे देतात. "तुमनं माहेरनं गाव कोनतं शे?" असे विचारल्यावर मिळणारे उत्तर लांबीनेही वेगळे असते आणि खरेपणानेही. बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे, मात्र आधी सांगून आणि परवानगी घेऊन. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला दिनांक, गाव आणि बोलणाऱ्याचे पूर्ण नाव आपल्या तोंडाने उच्चारावे, नाहीतर दहा वर्षांनी तो आवाज कोणाचा हेच कळेनासे होते.

त्यांना जन्माचे वा लग्नाचे साल सांगता येत नाही. मग काळ कसा ठरवावा?

साल आठवत नसले तरी प्रसंग आठवतो. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे इ.स. १८९९-१९०० मध्ये पडलेला छप्पन्नचा दुष्काळ, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, डिसेंबर १९३६ मधील फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती ज्यात हुतात्मा झाले तो गोळीबार, आणि १९७२ चा दुष्काळ या खान्देशातील जुन्या माणसांच्या मोजपट्टीवरील खुणा आहेत. "फैजपूरला गांधीजी आले तेव्हा मी अंगावर पिणारी होते, असं माय सांगायची" या एका वाक्याने जन्मसाल वर्षा-दीड वर्षाच्या फरकाने निश्चित होते.

शाळेच्या दाखल्यावरील १ जून ही जन्मतारीख मात्र पुराव्यादाखल धरू नये. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसलेल्या असंख्य मुलांना गुरुजींनी हीच तारीख दिलेली आहे.

आजोबांचे नाव कोणत्याच कागदात सापडत नाही. असे का होते?

बहुतेक वेळा तुम्ही शोधत असलेले नाव हे हाकेचे नाव असते. खान्देशात घरातील कर्त्या माणसाला आबा, नाना, आप्पा, बापू, अण्णा, जिभाऊ अशा नावांनी हाक मारतात, आणि दोन पिढ्यांनी तेच त्याचे खरे नाव वाटू लागते. नातवंडांनी आयुष्यभर "जिभाऊ" म्हटलेला माणूस उताऱ्यावर दगडू, सुका, झिपरू किंवा उखर्डू असतो. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून असे हलके नाव ठेवीत, तेव्हा अशा नावामागे घरातील मागच्या बालमृत्यूंची हकीकत दडलेली असू शकते. त्याविषयी जरूर विचारावे, पण हळुवारपणे.

दुसरी अडचण आडनावाची. पाटील हे मुळात वतनाचे पद आहे, त्यामुळे एकाच गावात एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेली अनेक पाटील घराणी आढळतात. त्यांची मूळ कुळे बोरसे, देवरे, पवार, सोनवणे, भामरे अशी निरनिराळी असतात आणि ती लग्न जुळवताना किंवा कुळाचाराच्या वेळीच बोलून दाखवली जातात. चौधरी आणि महाजन या आडनावांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. जुन्या नोंदींत तर आडनाव पुष्कळदा नसतेच, नुसते "दगडू वलद झिपरू" असे असते. वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. शोध घेताना आडनाव बाजूला ठेवून बाप-लेकांच्या नावांची जोडी शोधावी, हे फार उपयोगी पडते.

कोणते सरकारी कागद पाहावेत?

शेतजमीन असलेल्या घरांसाठी सातबारा ही वाट सुरू करण्याची जागा आहे. मात्र खरी माहिती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये असते. सातबाऱ्यावर वर्तुळात फेरफार क्रमांक लिहिलेले असतात. त्यातील जुन्यात जुना क्रमांक घेऊन त्या फेरफाराची नक्कल काढावी. खातेदार मयत झाल्यावर होणाऱ्या वारस फेरफारात मृत्यूचा दिनांक, पत्नी, मुलगे, कधी मुली, त्यांची वये आणि अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलांचे पालनकर्ते अशी सगळी माहिती एकत्र सापडते. गाव नमुना ६-क ही तर वारसांचीच नोंदवही आहे. एका फेरफारातून आधीच्या फेरफाराकडे असे मागे मागे गेले, तर नोंदी शाबूत असलेल्या गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोहोचता येते.

वाटेत एक खळगा आहे. जमीन एकत्रीकरणाच्या योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे आजचा गट क्रमांक घेऊन जुन्या नोंदी चाळल्यास दुसऱ्याच घराण्याची जमीन हाती लागते. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला, हे भूमी अभिलेख कार्यालयातील एकत्रीकरणाच्या पत्रकावरून आधी पडताळून घ्यावे. आमचे सहा महिने याच एका चुकीत गेले.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात. त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. या नोंदवह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ठेवलेल्या असतात, आणि अर्ज करून शोध व नक्कल मागता येते. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच असते, म्हणून बापाच्या नावाने शोधावे. मृत्यूच्या नोंदीत कारणही लिहिलेले असते. एका पानावर लागोपाठ "ताप", "ताप", "ताप" असे वाचत गेलो तेव्हा १९१८ ची साथ आमच्या गावावरून कशी गेली ते पहिल्यांदा नीट कळले. त्या रकान्यात आमच्या घरातील दोन नावे चार दिवसांच्या अंतराने होती.

कुणबी नोंदींचा शोध २०२३ मध्ये राज्यभर हाती घेण्यात आला, तेव्हा अशा अनेक जुन्या नोंदवह्या स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. कोणत्याही जातीच्या कुटुंबाने त्या पाहाव्यात, कारण एका पानावर साऱ्या गावाची नावे असतात.

आमचे गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे. कागद नंदुरबारलाच मिळतील का?

सगळे मिळतीलच असे नाही. इंग्रजांच्या काळात खान्देश हा एकच मोठा जिल्हा होता. १८६९ साली नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव-बागलाणकडील भाग तिकडे गेला. १९०६ साली उरलेल्या जिल्ह्याचे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले. पूर्वेचे मुख्य ठाणे जळगाव आणि पश्चिमेचे धुळे. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून निघाला. त्यामुळे नंदुरबारच्या कुटुंबाने धुळ्यातही चौकशी करावी, आणि जुन्या कागदावर "जिल्हा पश्चिम खान्देश" असे दिसल्यास गोंधळून जाऊ नये. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी फारुकी राजवटीपासून ते खान्देशाचे मोठे शहर होते, आणि रावेर-यावलकडील कित्येक घरांची सोयरीक, व्यापार व मूळ ठिकाण तिकडेच सापडते.

शाळेतून काही मिळते का?

होय. गावातील जुन्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर पाहण्याची विनंती मुख्याध्यापकांना करावी. त्यात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असते. "शेतीकामासाठी", "गाव सोडले" या दोन शब्दांच्या शेऱ्यांतून कुटुंबाची त्या वर्षीची स्थिती समजते.

घरात मोडीतील कागद आहेत. ते कोणाकडून वाचून घ्यावेत?

आधी त्यांची स्वच्छ उजेडात छायाचित्रे काढावीत. घडीवर फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी कधीही लावू नये आणि त्याला प्लास्टिकचे आवरणही चढवू नये. मोडीचा वापर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होता, त्यामुळे मोडी दिसली म्हणजे कागद पेशवाईतला, असे समजण्याचे कारण नाही. मोडी वाचणारे अभ्यासक आजही आहेत आणि मोडीचे वर्गही भरतात. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाने १९२७ मध्ये स्थापन झालेले संशोधन मंडळ आहे, आणि समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. जुन्या कागदांची कदर असलेली माणसे अशा ठिकाणी भेटतात.

आमच्या घरी लाकडी पेटीत पागोट्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक मोडी कागद होता. ती इनामाची सनद आहे असे तीन पिढ्या मानले जात होते आणि दसऱ्याला त्याची पूजा होत असे. वाचून घेतल्यावर तो कर्जरोखा निघाला. बैलजोडी आणि सरकीसाठी काढलेले कर्ज, व्याजाचा दर, दोन साक्षीदार, आणि शेवटी सहीच्या जागी शाईने काढलेला एक छोटासा नांगर. लिहिता न येणारा शेतकरी "निशाणी नांगर" करीत असे आणि स्त्री "निशाणी बांगडी" करीत असे. घरातील काहींना वाईट वाटले. मला मात्र तो नांगर कोणत्याही सनदेपेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्या रेषा पणजोबांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने ओढलेल्या आहेत, आणि त्यांच्या हाताची दुसरी कोणतीही खूण आमच्याकडे नाही.

कागदावर शके, संवत किंवा फसली साल असते. ते इसवी सनात कसे आणावे?

शकात ७८ मिळवावेत. कागद पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचा असेल तर ७९. गुजराती आणि मारवाडी सावकारांच्या चोपड्यांत विक्रम संवत असतो, त्यातून ५७ किंवा ५६ वजा करावेत. महसुली कागदांतील फसली सनात आपल्याकडे ५९० किंवा ५९१ मिळवतात, म्हणजे फसली १३०० हे १८९०-९१ होय. मूळ साल जसेच्या तसे लिहून त्याच्या पुढे काढलेले साल लिहावे, म्हणजे चूक झाली तर पुढच्याला सुधारता येते.

भाटाच्या वहीवर किंवा तीर्थोपाध्यायांच्या नोंदींवर कितपत विसंबावे?

या दोन्हींत फरक आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलेल्या यात्रेकरूंची नावे तेथील तीर्थोपाध्याय आपल्या नामावळीत गावाप्रमाणे आणि घराण्याप्रमाणे उतरवून ठेवतात. आलेला माणूस स्वतः आपल्या भावांची, मुलांची आणि पूर्वजांची नावे सांगत असे, कधी स्वहस्ते लिहीत असे, म्हणून ती नोंद भक्कम मानावी. जाताना गावाचे जुने नाव, जात आणि कूळ सांगण्याची तयारी ठेवावी आणि योग्य ती दक्षिणा द्यावी.

गुजर, लेवा, राजपूत अशा काही समाजांत भाट पिढ्यान्‌पिढ्या वंशावळीची वही राखत आले आहेत. त्या वहीतील अलीकडच्या सात-आठ पिढ्या सहसा खऱ्या निघतात, कारण भाट फेरीवर येई तेव्हा त्या घरच्यांच्याच तोंडून लिहिलेल्या असतात. त्याच्या मागे मात्र वंश एखाद्या राजाला किंवा ऋषीला जाऊन मिळतो. तो भाग घराण्याची श्रद्धा म्हणून वेगळा लिहावा, वंशवृक्षात मिसळू नये.

कुलदैवत आणि कुळाचार यांतून इतिहास कळतो का?

पुष्कळ कळतो. कुलदैवत दूरच्या ठिकाणचे असेल, तर घराणे एकेकाळी त्या बाजूला होते किंवा तेथून आले, असा अंदाज बांधता येतो. तो अंदाजच असतो, पण शोध कोठे न्यायचा ते त्यावरून समजते. देवघरातील टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या देवप्रतिमा, याही नीट पाहाव्यात, कारण त्यांत देवांबरोबर घराण्यातील वीराचा टाक असतो आणि त्यामागे बहुधा अकाली गेलेल्या एखाद्या पूर्वजाची कथा असते.

श्रावणात कानबाई या देवीसाठी करतात ते रोट, म्हणजे गव्हाचा प्रसाद, तर भाऊबंदांची जिवंत यादीच असतात. आमच्या घरी रोटांचे गहू घरातील पुरुषांच्या संख्येप्रमाणे, माणशी सव्वा मूठ असे मोजून घेतात, आणि तो प्रसाद कुळाबाहेर जात नाही. जी दोन घरे वेगळ्या आडनावाने, वेगळ्या गावात राहूनही एकमेकांचे रोट खातात, ती एका कुळाची असतात. आम्हाला हरवलेली शाखा अशीच सापडली. चोपडा तालुक्यातील एका घराशी आमचे रोट चालतात एवढेच आजीला माहीत होते. का चालतात, ते पुढे एका वारस फेरफारातून उलगडले.

वंशावळीत स्त्रियांची नावेच नाहीत. ती कोठे शोधावीत?

मला हा या कामातील सर्वांत मोठा अन्याय वाटतो. सासरी गेल्यावर स्त्रीचे नावसुद्धा बदलले जाई, त्यामुळे माहेरच्या आणि सासरच्या कागदांतील एकच बाई दोन निराळ्या व्यक्ती वाटतात. तिचा माग लागतो तो मुख्यतः जमिनीच्या हक्कसोड पत्रात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावेही वारस म्हणून लागू लागली, आणि भावांनी ती कमी करून घेताना प्रत्येक बहिणीचे नाव, पतीचे नाव, वय आणि सासरचे गाव लिहिले गेले. ज्या कागदाने तिचा हक्क गेला, त्याच कागदाने तिचे नाव राखले. याशिवाय जुन्या लग्नपत्रिका, आहेराच्या वह्या आणि भांड्यांवर कोरलेली नावेही पाहावीत.

पुरुषाची वंशावळ मांडताना प्रत्येक पिढीत "हिचे माहेर कोणते?" हा प्रश्न विचारण्याचा नियम करावा. जात्यावरच्या ओव्यांत बाई भावाचे नाव, माहेरचे गाव आणि वाटेवरची नदी गुंफत असे. त्या ओव्या ज्यांना येतात, त्यांच्याकडून त्या म्हणवून घ्याव्यात.

आमच्या पूर्वजांकडे जमीनच नव्हती. आमचा इतिहास कसा सापडेल?

जमिनीखेरीज इतर दप्तरांत आणि लोकांच्या तोंडी. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली. त्या संदर्भातील कागदांत महार व अन्य वतनदार कुटुंबांची वंशवार नावे आढळतात. गिरणीत वा रेल्वेत काम केलेल्यांसाठी अमळनेर-जळगावच्या गिरण्या आणि भुसावळचे रेल्वे केंद्र लक्षात घ्यावे. हजेरीपत्रक, ओळखपत्र, पेन्शनचे पुस्तक असा एखादा कागद घरात कोठेतरी असतोच.

सातपुड्यातील भिल्ल, पावरा, मावची, कोकणा कुटुंबांच्या बाबतीत बोलण्यालाच पहिला मान द्यावा. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि त्याखालील नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले कथन आणि वंशावळ पुरावा म्हणून स्वीकारली. त्यामुळे अनेक ग्रामसभांच्या वनहक्क दाव्यांच्या फाइलींत त्या त्या कुटुंबाचा इतिहास आधीच लिहिलेला आहे. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. तेथील विस्थापितांनी पुनर्वसनाच्या याद्या पाहाव्यात आणि बुडालेल्या गावाचा नकाशा तेथे राहिलेल्या माणसांकडून कागदावर काढून घ्यावा. कोणाचे घर कोणाच्या शेजारी होते, हे दुसरीकडे कोठेही लिहिलेले नाही.

आपण अमुक राजघराण्याचे वंशज आहोत, असे घरात सांगतात. ते लिहावे का?

"असे घरात सांगतात" या शब्दांसह लिहावे. पुरावा मिळेपर्यंत त्यापुढे जाऊ नये.

दुसरा पाट, भाऊबंदकी, कर्ज, तुरुंगवास अशा गोष्टी लिहाव्यात का?

ज्या व्यक्ती हयात आहेत, त्यांच्याविषयी त्यांच्या संमतीशिवाय काहीही लिहू नये. दिवंगतांच्या बाबतीत माझे मत असे, की गोष्ट खरी असेल आणि तिच्यावाचून पुढची गोष्ट समजत नसेल, तर ती साध्या शब्दांत लिहावी. विधवेने पाट लावला, म्हणजे पुनर्विवाह केला, म्हणून तिची मुले एका शाखेची की दुसऱ्या शाखेची, हा प्रश्न लपवल्याने वंशवृक्ष चुकतो आणि त्या मुलांचे वंशज कायमचे बाहेर राहतात. लिहिताना न्यायनिवाडा करू नये. ज्यांच्या घरात त्या गोष्टीचे दुःख अजून आहे, त्यांना मजकूर आधी वाचायला द्यावा.

नावांची यादी झाली. आता गोष्ट कशी लिहावी?

सगळ्या पिढ्या एकदम लिहायला घेऊ नये. एक माणूस आणि त्याच्या आयुष्यातील एक निर्णय घ्यावा, जसे गाव सोडणे, विहीर खोदणे, मुलीला शाळेत घालणे. मग त्या वर्षी गावात काय चालले होते ते पाहावे. १८८० चे खान्देश गॅझेटियर त्यासाठी फार उपयोगी आहे, कारण तालुकावार पिके, बाजार, रस्ते, जाती आणि दुष्काळ यांची माहिती त्यात मिळते. जे कागदात आहे, जे कोणी सांगितले आणि जे आपण तर्काने धरले, ते तिन्ही वाचकाला वेगवेगळे ओळखता आले पाहिजे. सांगणाऱ्याची वाक्ये अहिराणीत असतील तर ती तशीच ठेवावीत आणि गरज वाटली तर खाली अर्थ द्यावा.

तयार झालेल्या इतिहासाच्या प्रती कोठे ठेवाव्यात?

केवळ मोबाईलमध्ये किंवा एका पेनड्राइव्हवर ठेवू नये. चांगल्या कागदावर छापून निदान तीन घरांत, शक्यतो तीन निरनिराळ्या गावांत ठेवावा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयाला द्यावी. ज्यांनी माहिती सांगितली त्यांना प्रत स्वतः नेऊन द्यावी. त्यांना वाचता येत नसेल तर शेजारी बसून वाचून दाखवावी. त्या वेळी ते हमखास दुरुस्त्या सांगतील, म्हणून छापतानाच प्रत्येक पानाला रुंद समास सोडावा.